सणाच्या घरी परदेशी ख्रिस्ती पाहुणा

महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावणारी सावित्री पोलादपूरच्या डोंगरपायथ्याने खाली उतरते, महाडला खाडीचे पाणी भेटल्यावर संथ होते आणि बाणकोटपाशी अरबी समुद्राला मिळते. घाटात पक्का रस्ता होण्याआधी मुंबईहून महाबळेश्वरकडे जाणाऱ्या गोऱ्या प्रवाशांचा हाच नेहमीचा मार्ग होता : मुंबईचे गलबत बाणकोटच्या खाडीत शिरे, भरतीबरोबर होड्या दासगाव-महाडपर्यंत चढत आणि तेथून पोलादपूरवरून पुढची चढण पालखीत, घोड्यावर किंवा पायी पार पडे. या वाटेने व्यापारी, लष्करी अधिकारी आणि आजारी युरोपियन जसे गेले, तसेच ख्रिस्ती धर्माचा उपदेश करण्यासाठी स्कॉटलंडहून आलेले मिशनरीही वावरले. आणि ज्या मुलखातून ही वाट जात होती, त्या मुलखात कुणबी, मराठा, महार, ब्राह्मण यांच्याबरोबर कोकणी मुसलमानांची वस्ती शतकानुशतके नांदत होती. परमुलखात राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाने आपली श्रद्धा शेजारच्या मुसलमानासमोर कशी मांडावी, आणि विशेषतः ईद, रमजान किंवा मोहरम चालू असताना ती मांडावी की नाही, हा प्रश्न आज प्रामुख्याने आखाती देशांच्या संदर्भात विचारला जातो; पण त्याची मुळे शोधू लागल्यास कोकणपट्टीत पुष्कळ सामग्री हाती लागते.

कोकणी मुसलमान हा समाज पश्चिम किनाऱ्यावर येऊन स्थायिक झालेले अरब व इराणी व्यापारी आणि स्थानिक घराणी यांच्या दीर्घकालीन संबंधांतून घडला असे मानले जाते. धर्माचरणात हे लोक सुन्नी असून शाफई परंपरा पाळतात; ‘शाफई’ म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या चार मान्य सुन्नी परंपरांपैकी एक, आणि तिचा प्रसार अरबी समुद्राच्या व हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर, येमेनपासून इंडोनेशियापर्यंत, मुख्यतः व्यापाराच्या मार्गांनी झाला. उत्तर हिंदुस्थानातील बहुसंख्य मुसलमान हनफी परंपरेचे असताना महाड-दासगावचा मुसलमान शाफई असावा, यातच त्याचे समुद्राशी असलेले नाते दिसते. घरातील त्याची बोली कोकणी मराठी, शेती व मासेमारीबरोबर जहाजावरची खलाशीगिरी हा त्याचा जुना व्यवसाय, आणि परदेशी माणसाशी गाठ पडणे ही त्याच्या दृष्टीने कधीच अपूर्वाई नव्हती. त्यामुळे बाणकोटला उतरलेल्या स्कॉटिश उपदेशकासमोर जो मुसलमान उभा राहिला, त्याने कदाचित त्या उपदेशकापेक्षा अधिक बंदरे पाहिलेली होती.

मुसलमानांचे सण चांद्र पंचांगाने येतात आणि हे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते. मराठी पंचांगातही महिने चंद्रावरच मोजले जातात, परंतु अधिक महिना धरून त्यांचा ऋतूंशी मेळ राखला जातो. हिजरी पंचांगात तशी सोय नसल्याने प्रत्येक सण दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. रमजान हा दिवसभराच्या उपवासाचा महिना, त्याच्या शेवटी ईद-उल-फित्र म्हणजे रमजान ईद. हजयात्रेच्या महिन्यात दहाव्या दिवशी ईद-उल-अजहा म्हणजे बकरी ईद. आणि वर्षारंभीच्या मोहरम महिन्यात करबला येथे इ. स. ६८० मध्ये हौतात्म्य पत्करलेल्या इमाम हुसेन यांचे स्मरण. यांपैकी पहिले दोन आनंदाचे व दानाचे सण, तर मोहरम शोकाचा काळ; महाराष्ट्रात मात्र ताबूत आणि पंजे यांच्या मिरवणुकांत हिंदूही मोठ्या संख्येने सामील होत आले, त्यामुळे त्याला गावजत्रेचे रूप आले.

ख्रिस्ती उपदेशकाला या सणांचे आकर्षण वाटण्याची कारणे उघड आहेत. बकरी ईदच्या मुळाशी असलेली कथा दोन्ही धर्मांना समान आहे : परमेश्वराच्या आज्ञेवरून इब्राहीम आपल्या मुलाचे बलिदान देण्यास सिद्ध होतो आणि ऐनवेळी त्या मुलाऐवजी मेंढा दिला जातो. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात तो मुलगा इसहाक आहे, कुराणात मुलाचे नाव येत नाही आणि मुसलमानी परंपरा तो इस्माईल मानते. ख्रिस्ती माणसाला या मेंढ्यात पुढे येणाऱ्या ख्रिस्ताच्या आत्मबलिदानाची पूर्वखूण दिसते, म्हणून कुर्बानीच्या दिवशी आपली गोष्ट सांगण्याची वाट त्याला आयती मोकळी झाल्यासारखी वाटते. येशू, म्हणजे कुराणातील ईसा, हा मुसलमानांच्या दृष्टीने थोर पैगंबर आहे, त्याची आई मरियम हिच्या नावाचा एक अध्याय कुराणात आहे आणि त्याचा जन्म कुमारिकेच्या पोटी झाला हेही तेथे मान्य आहे. मात्र ईसा हा ईश्वराचा पुत्र होता आणि तो क्रुसावर मरण पावला, या दोन गोष्टी कुराण नाकारते. आणि ख्रिस्ती श्रद्धेचा सगळा भार नेमका याच दोन गोष्टींवर आहे. हे दोन धर्म जेथे एकमेकांच्या सर्वांत जवळ येतात तेथेच त्यांचा मतभेद सर्वांत तीव्र होतो, आणि सणाचा दिवस माणसाला थेट त्या जागी नेऊन उभा करतो.

कोकणातील या विषयाची सर्वांत जुनी आणि सर्वांत दारुण नोंद महाडची नसून ठाण्याची आहे. १३२१ साली चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन संन्यासी, टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफलिसचा दिमित्री, ठाण्यात उतरले आणि तेथील एका नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडील प्राचीन ख्रिस्ती पंथाच्या, कुटुंबाकडे राहिले. त्यांचा सोबती जॉर्डानस हा दुसऱ्या गावी गेलेला असताना यजमानाच्या घरात नवरा-बायकोचे भांडण झाले, ते काजीपुढे गेले, साक्षीदार म्हणून या परदेशी साधूंचे नाव निघाले आणि काजीसमोर उभे राहिल्यावर चर्चा घरगुती भांडणावरून धर्मावर आली. ख्रिस्ताविषयी त्यांनी जे सांगितले तेवढ्यावर प्रकरण कदाचित थांबले असते. पण मग पैगंबर मुहंमद यांच्याविषयी त्यांचे मत विचारण्यात आले, थॉमसने अत्यंत कठोर शब्दांत उत्तर दिले, आणि त्याचा परिणाम म्हणून ९ एप्रिलला तिघांना व ११ एप्रिलला पीटरला ठार करण्यात आले. जॉर्डानसने परत येऊन मृतदेह सोपाऱ्याला नेऊन पुरले, आणि पुढे तेथे आलेल्या ओडोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने त्यांच्या अस्थी बरोबर घेऊन चीनच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचवल्या. दिल्लीच्या सुलतानाने या कृत्याबद्दल ठाण्याच्या अधिकाऱ्याला शिक्षा केली, असेही ओडोरिकच्या वृत्तांतात आहे.

हिजरी पंचांगाशी ताडून पाहता एप्रिल १३२१ मधील ते दिवस ७२१ या वर्षाच्या रबी-उल-अव्वल महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात पडतात, म्हणजे ज्या महिन्याच्या बाराव्या तिथीला पैगंबरांची जयंती मानली जाते त्याच महिन्यात. आणि ख्रिस्ती पंचांगाने तो ईस्टरपूर्व उपवासकाळ होता. वृत्तांतात या योगाचा उल्लेख नाही आणि हत्येचा संबंध सणाशी जोडण्याचे कारणही नाही. तथापि या घटनेतील एक धागा पुढच्या सर्व शतकांना लागू पडतो. परक्या माणसाला आपल्या श्रद्धेविषयी विचारणे वेगळे आणि यजमानाच्या श्रद्धास्थानाविषयी विचारणे वेगळे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर साक्षीदार देतो, दुसऱ्याचे उत्तर देताना तो न्यायाधीश होऊन बसतो. थॉमसच्या धैर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही आणि त्याला मारणाऱ्यांच्या क्रौर्याचे समर्थनही होऊ शकत नाही, परंतु मुसलमानांमध्ये आयुष्य घालवलेल्या पुढील काळातील अनेक ख्रिस्ती शिक्षकांनी ‘ख्रिस्ताविषयी बोला, पैगंबरांविषयी मत देऊ नका’ असा धडा आपल्या माणसांना दिला, तो अशाच अनुभवांतून आला होता. फ्रान्सिस्कन संघाचा संस्थापक असिसीचा फ्रान्सिस याने तर ठाण्याच्या घटनेच्या शंभर वर्षे आधी, १२१९ मध्ये, इजिप्तचा सुलतान अल-कामिल याची धर्मयुद्ध चालू असताना भेट घेतली होती, आणि १२२१ च्या आपल्या नियमावलीत मुसलमानांमध्ये जाणाऱ्या बंधूंसाठी दोन मार्ग सांगितले होते : वादविवाद न करता सर्वांच्या अधीन राहून आपण ख्रिस्ती आहोत एवढेच कबूल करणे हा एक, आणि ईश्वराला रुचेल असे दिसेल तेव्हा वचनाची घोषणा करणे हा दुसरा.

इंग्रजी अमलात चित्र पालटले, कारण उपदेशकाच्या जिवाचे भय गेले आणि त्याच्या पाठीशी राज्यकर्त्या जातीचे वजन आले. ईस्ट इंडिया कंपनीने आरंभी मिशनऱ्यांना आपल्या मुलखात थारा दिला नव्हता. व्यापाराला व राज्याला धोका नको म्हणून ती धर्मप्रचारापासून दूर राहू पाहत होती. १८१३ च्या सनदेने हे दार उघडले आणि त्याच वर्षी मुंबईत आलेल्या गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट या अमेरिकन मिशनऱ्यांना, हद्दपारीचे हुकूम निघूनही, अखेर राहू देण्यात आले. मे १८१८ मध्ये रायगड इंग्रजांच्या हाती पडला आणि महाडचा मुलूख कंपनीचा झाला. बाणकोट मात्र त्याआधी साठ वर्षांपासून, १७५६ च्या पेशव्यांशी झालेल्या तहाने, इंग्रजांकडे होते, त्याला त्यांनी ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ असे नाव दिले होते, आणि दक्षिण कोकणाच्या जिल्ह्याचे ठाणे १८२२ मध्ये रत्नागिरीला हलेपर्यंत तेथेच होते.

स्कॉटिश मिशनरी सोसायटीचा पहिला माणूस डोनाल्ड मिचेल १८२३ च्या आरंभी मुंबईत उतरला. तो पूर्वी कंपनीच्या सैन्यात सुरतेस अधिकारी होता, तेथेच त्याच्या धर्मविचारांत पालट झाला आणि नोकरी सोडून, पाळकाची दीक्षा घेऊन तो परत आला. सोसायटीला पुण्यात काम सुरू करायचे होते. पण पेशवाई संपून पाचच वर्षे झालेली, तेथील लोकांची मने दुखवली जातील ही गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या सरकारची भीती, म्हणून मिशनऱ्यांना दक्षिण कोकणाची वाट धरावी लागली आणि बाणकोट व हर्णै ही त्यांची ठाणी झाली. मिचेल ते वर्ष संपण्याच्या आतच मरण पावला. त्याच्यामागून जॉन कूपर, जेम्स मिचेल, अलेक्झांडर क्रॉफर्ड, जॉन स्टीव्हन्सन आणि १८२७ मध्ये रॉबर्ट नेस्बिट हे आले. मिशनरी म्हणून डोनाल्ड मिचेलच्या वाट्याला आलेला एकमेव मोहरम सप्टेंबर १८२३ च्या दुसऱ्या आठवड्यात पडला आणि त्याच आठवड्यात गणेश चतुर्थी होती. नव्या उपदेशकाने या देशाचे पहिले वर्ष दोन सणांच्या अशा संगमावर पाहावे, हा योग लक्षात राहण्यासारखा आहे, कारण दोन्ही सण पाळणारे लोक एकच बोली बोलत होते आणि त्याला ती अजून शिकायची होती.

भाषेचा हा मुद्दा या मिशनच्या कहाणीत मध्यवर्ती आहे. बाजार, जत्रा आणि मिरवणुका येथे गर्दी आयती मिळते म्हणून त्या काळचे मिशनरी अशा दिवसांची वाट पाहत, उभ्याने उपदेश करीत आणि छापील पत्रके वाटीत. परंतु गर्दीपुढे बोलणे आणि माणसाशी बोलणे यांत जे अंतर आहे ते उच्चार कच्चा असताना अधिकच जाणवते. बाणकोट-हर्णैच्या मंडळींनी म्हणून आपली शक्ती मराठी शाळांत आणि भाषाभ्यासात घातली. स्टीव्हन्सनने मराठीचे व्याकरण लिहिले, ते १८३३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढे तो संस्कृत व जैन वाङ्मयाचा अभ्यासक म्हणून ओळखला गेला. नेस्बिटची मराठी अस्सल मराठी माणसासारखी असल्याचा लौकिक होता. १८२९ च्या फेब्रुवारीत पत्नी मार्गारेटसह मुंबईस आलेले जॉन विल्सन, ज्यांच्या नावाने आजचे विल्सन महाविद्यालय आहे, तेही प्रथम मराठी शिकण्यासाठी याच किनाऱ्यावर आले; त्या वर्षी बकरी ईद जूनच्या मध्यास आणि मोहरमचा आरंभ जुलैच्या पहिल्या आठवड्यात होता, म्हणजे दोन्ही ऐन पावसाळ्यात, जेव्हा समुद्र बंद असतो, गलबते किनाऱ्यावर ओढलेली असतात आणि खलाशी आपापल्या घरी असतात. कोकणी मुसलमानाला निवांत भेटण्याचा वर्षातला काळ कोणता, हे त्या मुलखात राहिल्याशिवाय कळण्यासारखे नाही.

या शाळांतून आणि भेटींतून मुसलमान समाज ख्रिस्ती झाला नाही. त्या खोऱ्यात तसे काही घडले नाही, आणि १८३० नंतर मिशनचे लक्ष पुण्याकडे वळून बाणकोटचे ठाणे मागे पडले. यशापयश केवळ धर्मांतरांच्या संख्येवर मोजायचे तर हा प्रयत्न फसला असेच म्हणावे लागेल. परंतु मराठी गद्य, मराठी व्याकरण आणि गावोगावच्या मुलांचे लेखन-वाचन यांच्या इतिहासात त्या काही वर्षांना जे स्थान आहे ते नाकारता येत नाही, आणि त्या परदेशी माणसांनी येथील लोकांची बोली इतक्या आपुलकीने शिकणे हीच त्यांच्या श्रद्धेची अधिक खरी साक्ष होती.

विल्सन यांनी मुंबईत परतल्यावर दुसरा मार्ग धरला, तो जाहीर वादाचा. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर यांच्याशी हिंदू धर्मावर त्यांचा वाद झाला, आणि इस्फहानचे हाजी मुहंमद हाशिम यांच्याशी इस्लामवर लेखी वाद होऊन त्यातून विल्सन यांचे खंडनपर पुस्तक निघाले. अशा वादांचा कळस १८५४ च्या एप्रिलमध्ये आग्र्यास झाला. तेथे जर्मन मिशनरी कार्ल फांडर आणि त्यांचे साहाय्यक थॉमस व्हॅल्पी फ्रेंच एका बाजूला, तर मौलाना रहमतुल्ला कैरानवी आणि डॉ. वजीर खान दुसऱ्या बाजूला होते. मौलानांच्या बाजूने युरोपातील बायबल-चिकित्सेचे ग्रंथ पुढे करून बायबलच्या प्रतींमध्ये पाठभेद आहेत हे दाखवले, फांडर यांना काही पाठभेद मान्य करावे लागले आणि सभा दोन दिवसांतच आटोपली. १८५७ नंतर रहमतुल्ला मक्केस गेले व तेथे त्यांनी सौलतिया मदरसा स्थापला. फ्रेंच पुढे १८७७ मध्ये लाहोरचे पहिले बिशप झाले.

फ्रेंच यांच्या आयुष्याचा शेवट या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. बिशपपद सोडल्यावर, वयाच्या ६७ व्या वर्षात, फेब्रुवारी १८९१ मध्ये ते कोणत्याही संस्थेच्या पाठबळाविना मस्कतला गेले. कोकणच्या समोर, अरबी समुद्राच्या पलीकडच्या काठावर वसलेले हे शहर इबादी मुसलमानांच्या राज्याची राजधानी होते. इबादी म्हणजे सुन्नी व शिया या दोहोंहून निराळा, प्राचीन इस्लामी पंथ. त्या वर्षी रमजान एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होऊन मेच्या दुसऱ्या आठवड्यात संपला, आणि ओमानमधील तो काळ भयंकर उन्हाचा असतो. उपवासाच्या त्या महिन्यात हा वृद्ध ख्रिस्ती माणूस तेथे राहिला. कोणी ऐकायला तयार असेल तर ओट्यावर, दुकानाशी किंवा रस्त्याकडेला बसून अरबी बायबल वाचून दाखवी, कधी त्याला उठवून लावले जाई, कधी कोणी पाणी देई. पैगंबर, पाठभेद, त्रैक्य यांवर आग्र्यास झालेल्या वादाची आखणी येथे कोठेच दिसत नाही. ईद झाल्यावर काही दिवसांतच, १४ मे १८९१ रोजी, उष्म्याने व अशक्तपणाने त्यांचा अंत झाला. त्यांनी एकाही माणसाचा धर्म बदलला नाही. तरीही वादसभेपासून ओट्यापर्यंतचा हा प्रवास पाहता, फ्रेंच यांना जे आग्र्यात साधले नव्हते ते मस्कतच्या रमजानमध्ये साधले असे म्हणण्यास जागा आहे : ते ज्यांच्यामध्ये राहिले त्यांच्या उन्हात व त्यांच्या उपवासाच्या दिनक्रमात राहून बोलले, आणि ज्याला ऐकायचे नव्हते त्याला उठून जाण्याची पूर्ण मोकळीक होती.

सणाच्या दिवशी श्रद्धा सांगण्याचा खरा प्रश्न या मोकळिकीचा आहे. ईदच्या दिवशी मुसलमान कुटुंबाचे दार उघडे असते; ईदगाहवरील नमाज आणि खुतबा, म्हणजे इमामाचे प्रवचन, आटोपल्यावर माणसे एकमेकांच्या घरी जातात, शीरखुर्मा पुढे येतो, गोरगरिबांचा वाटा आधीच फितरा म्हणून काढलेला असतो. महाड-पोलादपूर भागात हिंदू शेजारी या दिवशी मुसलमानांच्या घरी जातो आणि दिवाळीला फराळाची परतफेड होते, ही रीत गावोगावी चालत आली आहे. अशा घरात आलेल्या ख्रिस्ती पाहुण्याने त्या उघड्या दाराचा उपयोग यजमानाला कोंडीत पकडण्यासाठी करणे हा पाहुणचाराचा भंग आहे, मग त्याचा हेतू कितीही निर्मळ असो. मात्र यजमानानेच, तुम्ही उपवास कसे करता, इब्राहीमची गोष्ट तुमच्याकडे कशी आहे, असे विचारले तर गप्प बसणे हेही प्रामाणिकपणाचे नाही. आपण काय मानतो हे सौम्यपणे आणि आदराने सांगावे असे ख्रिस्ती शास्त्रात पेत्राच्या पत्रात सांगितले आहे, आणि ग्रंथधारकांशी, म्हणजे यहुदी व ख्रिस्ती लोकांशी, बोलायचे तर उत्तम रीतीनेच बोलावे असे कुराणही बजावते.

दुसऱ्याला जागा देण्याची महाडची परंपरा केवळ सणापुरती नाही. डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडला दुसरी परिषद भरायची होती आणि सवर्ण हिंदूंच्या विरोधामुळे मंडपासाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले ते त्याच परिषदेत. जागा देणाऱ्याने परिषदेच्या विचारांवर अट घातली नाही, ही गोष्ट येथे मुद्दाम नोंदवण्याजोगी आहे. २१ जुलै २०२१ ची बकरी ईद संपते न संपते तोच सावित्री व गांधारीच्या पुराने महाड शहर बुडाले, दुसऱ्या दिवशी तळीये गाव दरडीखाली गाडले गेले आणि पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. मदत सर्व धर्मांच्या माणसांनी केली. आपत्तीच्या वेळी दिलेल्या धान्याच्या पिशवीबरोबर धर्माचे पत्रक देणे योग्य की अयोग्य, हा सणाच्या दिवसाइतकाच नाजूक प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तरही तेच : ज्याला नकार देणे परवडत नाही त्याच्यापुढे उपदेश करणे म्हणजे त्याच्या अडचणीचा फायदा घेणे होय.

भारतीय कायद्याची मांडणीही या तत्त्वापासून फार दूर नाही. संविधानाचे अनुच्छेद २५ प्रत्येक व्यक्तीला धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून. पण १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे मांडणे, दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही. परदेशी नागरिकाला तर पर्यटनाच्या परवान्यावर येथे धर्मप्रचार करता येत नाही, त्यासाठी वेगळा व्हिसा लागतो.

आज सावित्रीच्या खोऱ्यात परदेशी मिशनरी क्वचितच दिसेल, आणि ख्रिस्ती वस्तीही तेथे तुरळक आहे. प्रवाह उलटा झाला आहे. महाड व पोलादपूरच्या अनेक कुटुंबांतील माणसे कुवेत, बहारीन, ओमान, अमिराती येथे कामाला आहेत, आणि त्याच देशांत वसईचे, अहिल्यानगरचे, मुंबईचे मराठी ख्रिस्तीही आहेत. परदेशात राहणारा ख्रिस्ती हा आता बहुधा गोरा पाळक नसून परिचारिका, लेखापाल किंवा तंत्रज्ञ असतो. यांपैकी बहुतेक देशांत राज्यकर्त्यांनी दिलेल्या जागेवर चर्च उभी आहेत व उपासना चालते, पण मुसलमानांमध्ये धर्मप्रचार करण्यास मनाई आहे. कुवेतमध्ये रमजानमध्ये दिवसा सार्वजनिक ठिकाणी खाणेपिणे १९६८ पासून कायद्याने दंडनीय आहे आणि तो नियम सर्वधर्मीयांना लागू आहे. अशा ठिकाणी ख्रिस्ती माणसाची साक्ष मुख्यतः त्याच्या वागण्यातून दिली जाते : उपवास करणाऱ्या सहकाऱ्यासमोर पाणी न पिणे, त्याची दुपारची पाळी स्वतःकडे घेणे, इफ्तारचे, म्हणजे सूर्यास्तानंतर उपवास सोडण्याचे, आमंत्रण आले तर जाणे.

चर्चच्या पातळीवरही भाषा बदलली आहे. १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेच्या अन्य धर्मांविषयीच्या घोषणेनंतर, १९६७ पासून, रोमहून दरवर्षी रमजान ईदनिमित्त मुसलमानांना शुभेच्छासंदेश जातो. आखाती युद्धाच्या वर्षी, १९९१ मध्ये, त्यावर पोप जॉन पॉल दुसरे यांनी स्वतः सही केली होती. उलट दिशेने, १३ ऑक्टोबर २००७ रोजी, रमजान ईदच्या सुमारास, १३८ मुसलमान विद्वानांनी जगातील ख्रिस्ती धर्मप्रमुखांना जाहीर पत्र लिहून ईश्वरप्रेम व शेजारप्रेम या दोन आज्ञा दोन्ही धर्मांत समान असल्याचे दाखवले. काही ख्रिस्ती गट रमजानच्या तीस दिवसांत मुसलमानांसाठी प्रार्थना करण्याच्या पुस्तिका काढतात; त्यामागील भाव प्रेमाचा असला तरी ज्यांच्यासाठी प्रार्थना होते त्यांनी ती वाचली तर त्यांना काय वाटेल, हा प्रश्न त्या गटांनी स्वतःला विचारायला हवा.

अरबस्तानात गेलेल्या अमेरिकन मिशनच्या लोकांनी वागण्यातून साक्ष देण्याची ही रीत त्याच्या कितीतरी आधी रुग्णालयांतून शिकून घेतली होती. फ्रेंच यांच्या मृत्यूनंतर दीड वर्षाने सॅम्युएल झ्वेमर बहारीनला पोहोचला, १९०३ मध्ये तेथे मिशनचे रुग्णालय उभे राहिले आणि ते आजही चालू आहे. झ्वेमर लेखणीने तीव्र वादपटू होता, परंतु त्या किनाऱ्यावर मिशनच्या डॉक्टरांना जे स्थान मिळाले ते रोग्यांच्या सेवेने. ईदच्या सकाळी हे डॉक्टर आणि त्यांच्या बायका गावातील शेखांच्या व व्यापाऱ्यांच्या बैठकीत जाऊन मुबारकबाद देत, कडू कॉफी घेत आणि विचारले तेवढे बोलत. नाताळ आला की तीच घराणी मिशनच्या दिवाणखान्यात येऊन बसत, आणि त्या दिवशी येशूच्या जन्माची गोष्ट पाहुण्यांना सांगण्याचा मान यजमान म्हणून ख्रिस्ती माणसाकडे असे.